लोकांचं घर

गौतमीनं तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. दहावीत गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं. आधी शब्द सुटायचे, मग ती त्यांच्यामागं धावायची.

पौष लागला होता. वरवंडच्या आसपास जिकडंतिकडं ऊस, पण प्रत्येकाच्या रानात दहा-बारा गुंठ्यांचा एक तुकडा कांद्याला राखलेला, आणि सगळ्यांच्या लागणी एकाच आठवड्यात आलेल्या. रोजानं बायका मिळेनात. दिवस उगवायच्या आत पिकअप गाड्या हायवेला उभ्या राहायच्या आणि बायका भरून शिरूरकडं न्यायच्या. तिकडं एकराला भाव चढा फुटत होता. म्हणून तर मळ्यातली दगडाबाई, सत्तरीला टेकलेली, काठी टेकत स्वतः भीमनगरात आली होती. गौतमीनं तिला आपल्या दारात आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"या की आत," गौतमीची आई अनिता म्हणाली.

"न्हाई गं, हितंच बरी." दगडाबाई ओट्याच्या खाली उभी राहिली. "लागणीला ये उद्या. रोज काय असंल ते दीन. रोप पार पिवळं पडाय लागलंय."

तेव्हा गौतमी बोलली.

"आज्जी, रोज नको. आमचीपण दहा गुंठं लागण हाय. मम्मीला सावडीत घ्या."

अनितानं हातातलं सूप खाली ठेवलं. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली सोजरबाई, गौतमीची आजी, तिची बोटं थांबली.

सावड म्हणजे सोपं असतं. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मळ्यातल्या तीन घरांची सावड गौतमीच्या जन्माच्या आधीपासून चालत आली होती. भीमनगरातल्या बायकाही त्याच रानांत वाकत आल्या होत्या, पण रोजानं. सावडीनं कुणी गेली नव्हती. तसा काही नियम नव्हता, कुणी कुणाला तसं सांगितलंही नव्हतं. फक्त रोजानं आलेल्या बाईचं संध्याकाळी पैसे दिले की संपतं. सावडीनं आलेल्या बाईच्या रानात उलट जावं लागतं, आणि दुपारी तिच्या हातचं कोरड्यास आपल्या भाकरीवर घ्यावं लागतं.

दगडाबाईचं सगळं चित्त पिवळ्या रोपात होतं. "बरं, बरं. ये मग सावडीनं," ती म्हणाली आणि वळली. समाजमंदिरापर्यंत गेली, आणि तिथं काहीतरी विसरल्यासारखी थांबली. मागं वळून बघितलं. मग पुन्हा चालू लागली.

"आता उमगलं त्यांना," अनिता म्हणाली.

तीन दिवस अनिता तिघींच्या रानात राबली. पहिल्या दिवशी दगडाबाईकडं, दुसऱ्या दिवशी कौसाबाईकडं, तिसऱ्या दिवशी कौसाबाईच्या पुतण्याच्या बायकोकडं, वैष्णवीकडं. तिसरा दिवस सुट्टीचा होता म्हणून गौतमीही गेली. सकाळी वाफ्यातली माती अशी गार की बोटं आपलीच आहेत का हे बघावं लागत होतं. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्यानं भोक, रोप आत, माती दाबली, चार बोटं सोडून पुढचं. तासाभरानं कंबर बोलायला लागली. दगडाबाई मात्र सत्तरीतही अशी सरकत होती की तिच्यामागं रोपांची ओळ आपोआप उगवल्यासारखी वाटावी.

दुपारी लिंबाखाली सगळ्या गोल बसल्या. अनिता दोन वाफे सोडून बांधावर बसली. तिला कुणी तिकडं बस म्हटलं नव्हतं. वैष्णवी उठून आली, वरून आमटी वाढली, "अजून घ्या की अनिताताई" असं चांगल्या तोंडानं म्हणाली आणि परत गोलात गेली. गौतमी कधी गोलाकडं बघत होती, कधी मधल्या दोन वाफ्यांकडं. ते दोन वाफे तिला कॅनॉलएवढे रुंद दिसले.

मग आपली पाळी आली. कॅनॉलचं पाणी रविवारी संध्याकाळी मिळणार होतं. त्यानंतर महिनाभर बंद. कांद्याची लागण झाली की त्याच दिवशी पाणी लागतं, म्हणजे लागण रविवारीच. गौतमीचे पप्पा नवनाथ कुरकुंभला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते, त्यांना रविवारचीही शिफ्ट. शनिवारी डबा भरता भरता ते म्हणाले, "मळ्यातल्या येत न्हाईत. मी लहानाचा मोठा हितंच झालोय. रोप सुकलं तर सुकलं, पण उगं वाट बघत बसू नका. जीवाला लागतं."

"मी सांगून येते त्यांना," गौतमी म्हणाली.

"सांगून ये," अनिता म्हणाली. "विचारू नको. सावडीत विचारत नसत्यात. उद्या आमच्यात, एवढं म्हणायचं आन् माघारी फिरायचं."

गौतमी सायकल घेऊन सुटली. आणि पहिल्याच दारात तिनं घोळ घातला. वैष्णवी हौदावर कपडे धूत होती, तिनं मान वर करून गोड हसून "काय गं?" म्हटलं, आणि गौतमीच्या तोंडून निघून गेलं, "वैनी, उद्या आमच्या लागणीला याल ना?"

वैष्णवीचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे तेवढे बाजूला गेले.

"मला काय गं. मी तर कॉलेजात तुमच्यातल्या पोरींच्या डब्यात जेवलेली हाय. मी आत्ता येईन. पण कौसाआत्या हायेत ना. जुनं माणूस. त्यांना न्हाई आवडायचं, आन् मग घरात कटकट."

गौतमी कौसाबाईकडं गेली. कौसाबाई गोठ्यात शेण भरत होती.

"माझं कायबी न्हाई पोरी," ती पाटी कमरेला लावून म्हणाली. "तुझी आज्जी माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस होती. तिच्या हातची पेज खाल्लीय मी, कुणाला सांगू नको. पण दगडाबाईंच्या शब्दाबाहेर मला जाता यायचं न्हाई. त्यांचं सोवळं तुला ठाऊक न्हाई."

दगडाबाई अंगणात तुरी झोडपत होती. तिनं गौतमीचं ऐकून घेतलं आणि झोडपणं चालूच ठेवलं.

"मला कुणाची भीती गं? मी आता किती दिवसांची. पर पोपट गावात उठतोबसतो. त्याला खाली बघाय लागंल असं मी करायचं व्हय?"

पोपटराव, दगडाबाईचा लेक, पडवीत खुर्चीवर फोन बघत होता. चौदा एप्रिलला भीमनगरात येऊन पहिला हार तोच घालायचा आणि भाषणही बरं करायचा. त्यानं चष्मा वर केला.

"सावड बायकांची, त्यात माझं काय काम? मी असलं मानत न्हाई, तुला माहितीय. पण लोक बोलत्यात. लोकांच्या तोंडाला आपण हात लावू शकत न्हाई."

"कोण लोक, आप्पा?"

"अगं, लोक म्हंजी." त्यानं हात हवेत फिरवला. "आपलीच की. आता वैष्णवीच्या घरचे घे. कौसाबाई घे."

गौतमी सायकल हातात धरून मळ्याच्या तिठ्यावर येऊन उभी राहिली. तिथून तिन्ही घरांचे पत्रे दिसत होते. वैष्णवीच्या मनात कौसाबाई, कौसाबाईच्या मनात दगडाबाई, दगडाबाईच्या मनात पोपटराव, आणि पोपटरावाच्या मनात पुन्हा वैष्णवी. ती लोकांचं घर शोधत सगळा मळा फिरली होती आणि ज्या दारातून निघाली त्याच दाराशी परत आली होती. लोक कुठल्याच घरी नव्हते.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. थंडीचा नव्हे. सायन्सच्या मॅडमनी एकदा सांगितलं होतं की अणूत बहुतेक सगळी जागा मोकळीच असते, भिंतसुद्धा आतून मोकळीच, तरी हात आरपार जात नाही. तेव्हा तिनं ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता ते तिच्यासमोर उभं होतं, मळ्याएवढं मोठं. एवढी वर्षं, एवढी माणसं, दोन वाफ्यांचं एवढं अंतर, आणि ते धरून ठेवणारं कुणीच नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघून उभा. बापरे, असं तिला वाटलं, आणि भीती वाटायच्या ऐवजी तिचे डोळे मोठे मोठे होत गेले.

घरी येऊन तिनं एका दमात सगळं सांगितलं. अनिता भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"ठाऊक हाय? मग सकाळी सांगितलं का न्हाई?"

"सांगून कळलं असतं व्हय?" अनितानं भाकरी तव्यावर टाकली. "तू विचारलंस ना पण? तिथंच चुकलीस. विचारलं की माणूस आपल्याकडं बघत न्हाई, दुसऱ्याकडं बघतो."

तेवढ्यात मागच्या दारानं सोजरबाई आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर ओलं गोणपाट, त्यातून रोपांचे हिरवे शेंडे लोंबत होते.

"आज्जे, रोप उपटलंस? समदं?"

"समदं."

"आन् त्या आल्याच न्हाईत तर? उद्या संध्याकाळपातूर सडंल की ते."

"उपटल्याबिगर येत न्हाईत," सोजरबाई म्हणाली आणि जुड्या सावलीत उभ्या करून ठेवायला लागली.

अनितानं पीठ लागलेला हात पदराला पुसला. "गौतमे, परत जा. काय विचारू नको. रोप उपटलंय, एवढंच सांग, आन् फिर."

या वेळी गौतमीनं ओठ घट्ट मिटून ठेवले. वैष्णवीला सांगितलं, कौसाबाईला सांगितलं, दोघींनी नुसती मान हलवली. शेवटी दगडाबाई. ती खराट्यानं तुरीचं भुसकाट लोटत होती.

"आज्जी, रोप उपटलंय."

खराटा थांबला. "किती?"

"समदं."

"समदं?" दगडाबाईनं कंबर सरळ केली. "कोन ती येडी? सोजर? उघड्यावर ठेवलंय का? गोणपाट टाकलंय? त्याच्यावर पाणी मारलंय?"

गौतमीनं मान डोलावली. तिला दिसलं की म्हातारीच्या डोळ्यांत आता पोपटराव नव्हता, गाव नव्हतं. तिथं नुसतं उपटलेलं रोप होतं, मुळं उघडी पडलेलं. गौतमी वळून निघाली तरी मागून आवाज येतच होता, "मुळ्या वर करू नगा म्हणाव."

रविवारी सकाळी धुकं होतं. तिघीच रानात उतरल्या. सात वाजले, साडेसात वाजले. सोजरबाई पुढं, अनिता मधल्या वाफ्यात, गौतमी कडेला. दहा गुंठे तेव्हा गौतमीला दहा एकरांसारखे दिसले. आईनं एकदाही रस्त्याकडं पाहिलं नाही. आजीनंही नाही. गौतमीनं पन्नास वेळा पाहिलं.

आठच्या सुमाराला ओढ्याच्या अंगाला ऊस सळसळला. बिबट्या म्हणून गौतमी दचकली. उसातून वैष्णवी बाहेर आली, कपाळापर्यंत पदर, हातात विळा, काखेत भाकरीचं फडकं.

"गवताला निघाले होते," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "म्हटलं जाता जाता दोन वाफे लावावेत."

ती वाकली. दोन ओळी झाल्या नसतील, तर विहिरीच्या बाजूनं कौसाबाई आली. तिची म्हणे शेळी सुटली होती. वैष्णवी ताठ झाली. दोघी वाफ्याच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींकडं बघत राहिल्या, जशा काही आरशात बघतायत.

"आत्या, तुम्ही?"

"आन् तू गं?"

मग कौसाबाईच्या तोंडातून फुस्सकन हसू बाहेर पडलं. वैष्णवीनं पदर तोंडात धरला. दोघी हसत हसत वाकल्या. अनितानं काही पाहिलंच नाही असं दाखवत त्यांच्या हाताशी जुड्या सरकवल्या.

दगडाबाई नऊला आली. ती ओढ्यानं आली नाही की विहिरीकडून आली नाही. डेअरीवरून, समाजमंदिरावरून, भर रस्त्यानं काठी टेकत आली आणि बांधावरूनच सुरू झाली, "अगं किती दाट लावताय? कांदा धरायचाय का कोथिंबीर?" काठी बांधाला टोचून तिनं लुगडं खोचलं आणि उतरली.

मग जे काम सुरू झालं त्याला तोड नव्हती. सहा जणी, बारा हात. धुकं कधी वितळलं, ऊन कधी पाठीवर आलं कळलं नाही. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीला काय झालं, पिकअपवाल्यानं कुणाला कसं फसवलं, सगळं वाफ्यांवरून इकडून तिकडं फिरत होतं. गौतमी ऐकत होती आणि अंगठ्यानं माती दाबत होती. एकदा दगडाबाईनं तिची ओळ पाहून नुसतं "हं" केलं, तर तिला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

पण दुपार यायचीच होती, आली. बाभळीखाली अनितानं पाटी उतरवली. हात धुऊन सगळ्या बसल्या. वैष्णवीनं आपली फडक्यातली भाकरी सोडलीच नाही.

"अनिताताई, मला आज रविवार असतो," ती हळूच म्हणाली.

"माझापण," कौसाबाई लगेच म्हणाली.

गौतमीच्या कानशिलाला झणझणलं. ती काहीतरी बोलणार होती, शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण अनितानं पाटीतून मटकीच्या पातेल्याशेजारी दुसरं पातेलं काढलं, त्यावरची ताटली उचलली.

"भगर हाय," ती म्हणाली, "आन् दाण्याची आमटी. दोघींपुरती केलीय. सैंधवच घातलंय."

गौतमी आईकडं बघतच राहिली. पहाटे चारला उठून आईनं या दोघींच्या मनात आदल्या दिवशीच जाऊन यावं तसं सगळं रांधलं होतं. त्यांना कधी आईला ओळखायची गरज पडली नव्हती, आणि आई त्यांना आतून बाहेरून ओळखत होती, उपवासासकट. आणि चेहऱ्यावर कसला तोरा नाही. नुसती दोन ताटल्या धरून बसली होती. वैष्णवीचा चेहरा लाल झाला. तिनं ताटली घेतली. कौसाबाईनंही घेतली.

राहिली दगडाबाई. तिनं काही निमित्त सांगितलं नाही. आपली भाकरी मोडून हातात धरली आणि समोर बघत राहिली. अनिता मटकीत पळी घालून थांबली. गौतमीनं म्हातारी कुठं बघतेय ते पाहिलं, आणि मग तिलाही दिसलं.

सोजरबाई तिथं नव्हती. ती दोन वाफे सोडून पलीकडं बांधावर जाऊन बसली होती. आपल्या स्वतःच्या रानात. कुणी सांगितलं नव्हतं. पायच तिकडं गेले होते.

गौतमी धावत गेली. "आज्जे, तू हिकडं का? चल की."

"मला हितंच बरं वाटतं गं. जेवू दे त्यांना निवांत."

"आपलं रान हाय हे."

"मला काय ठाऊक न्हाई व्हय?" सोजरबाई म्हणाली, पण उठली नाही. तिच्या तोंडाकडं बघून गौतमीला कळलं की आजी रुसलेली नाही, घाबरलेली नाही. साठ वर्षं जिथं बसली तिथं बसली, एवढंच. गौतमीला हे भांडणापेक्षाही मोठं वाटलं. याच्याशी कसं बोलायचं हे दहावीच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मागं काठी वाजली. दगडाबाई एका हातात भाकरी आणि एका हातात काठी घेऊन वाफ्यांच्या वरंब्यावरून येत होती, नवी रोपं चुकवत, एकेक पाऊल जपून. गुडघे कुरकुरले. ती सोजरबाईच्या शेजारी बांधावर बसली, म्हणजे जवळजवळ पडलीच.

"तिकडं मुंग्या हायेत," ती म्हणाली. "सोजर, सरक जरा. वाढ गं अनिता."

अनिता पातेलं घेऊन आली. वाढताना पळीतली मटकी थोडी दगडाबाईच्या लुगड्यावर सांडली. दगडाबाईनं ती बोटानं निपटून तोंडात घातली आणि जेवायला लागली. जरा वेळानं वैष्णवी आणि कौसाबाई आपापल्या ताटल्या घेऊन तिथंच येऊन टेकल्या. मग वैष्णवी म्हणाली, "मटकी उरलीय का ताई, वाईच?" आणि कौसाबाई म्हणाली, "आन् तुझा रविवार?" आणि त्या एवढ्या हसल्या की ओढ्यावरचे बगळे उडाले.

सोजरबाई हसली नाही. ती भाकरी हातात धरून दगडाबाईच्या जेवणाऱ्या तोंडाकडं टक लावून बघत होती, एखादं नवल बघावं तशी.

चार वाजता शेवटची जुडी संपली. पाचला कॅनॉलच्या चारीला पाणी आलं. वैष्णवी ओढ्यानं गेली, कौसाबाई विहिरीकडून. दगडाबाई रस्त्यानं निघाली, तिचा पाय ओढत होता म्हणून तिचं फडकं आणि डबा घेऊन गौतमी सोबत चालली.

डेअरीवर संध्याकाळच्या दुधाची वेळ. आठ-दहा माणसं किटल्या घेऊन उभी, मध्ये पोपटराव. लोक, ती मनात म्हणाली. हे बघ, हे असतात लोक.

"आई, सकाळपास्नं कुठं हायेस? फोनपण घरी," पोपटराव म्हणाला. त्यानं तिच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडं पाहिलं, मग गौतमीकडं. त्याला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं, तरी सगळे थांबले.

"सावडीला," दगडाबाई म्हणाली. "अनिताच्या."

दूध मापणाऱ्याचं माप हवेतच राहिलं. एकानं तोंड फिरवलं आणि थुंकला. पोपटराव चष्मा पुसायला लागला. हौशीराम म्हणून एक म्हातारा होता, त्यानं किटली खाली ठेवली.

"किती गुंठं?" त्यानं विचारलं.

"दहा."

"उरकलं का?"

"उरकलं. पाणी सोडलंय."

"बरं झालं. उद्या कॅनॉल बंद हाय," हौशीराम म्हणाला आणि आपली किटली मापाखाली सरकवली.

एवढंच. मापाचा आवाज पुन्हा सुरू झाला, कुणी फॅट विचारली, कुणी बिडी पेटवली. गौतमी जागच्या जागी उभी होती, तोंड उघडं, आणि या खेपेला एकही शब्द बाहेर येत नव्हता.

दगडाबाईनं तिच्या हातातून डबा घेतला.

"हितं काय बघत बसलीस? जा, पाणी बघ. वरच्या वाफ्याला चढत नसंल."

गौतमी पळाली.